घरकाम, बाग आणि जवळची भटकंती: प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

घरातल्या कामांची यादी आज भिंतीवर लावली. मागच्या खोलीत खिडकीखाली ओल आहे. तिथला रंग पापुद्रे धरून सुटतोय आणि जमिनीलगत लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुललाय. न्हाणीघरातल्या फरशांच्या दरजा उघड्या पडल्यात. मागचं दार चौकटीला घासतं. एक फळी बसवायची राहिली आहे. विजेची कामं दादाकडे, भिंती माझ्याकडे.

या वेळी प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहिले. एक, हात लावून करायचे तास. दुसरा, नुसतं थांबायचा काळ: गिलाव्यावर पाणी मारायचे दिवस, भिंत वाळायचे दिवस, रंगाच्या दोन हातांमधले तास. लिहून झाल्यावर यादीचं रूपच बदललं. ओलीच्या कामात हाताचं काम मोजक्या शनिवारांचं आणि थांबणं काही महिन्यांचं! बाग आणि भटकंती या थांबण्यात बसवायची, असं ठरवूनच हा तक्ता केलाय.

सार्वजनिक बागेचं श्रमदान दर रविवारी सकाळी. ते सहसा हलवायचं नाही, कारण तिथे आपल्या भरवशावर दुसरं कोणीतरी पाइपाचं टोक धरून उभं असतं. मागे पडते ती भटकंती. लांबच्या सहलीची तिकिटं काढलेली असतात, त्यामुळे ती होते. जवळच्या जागेला मात्र ‘जाऊ की कधीतरी’ म्हणत वर्षं निघून जातात. म्हणून पाहायच्या जागांची यादी कामांच्या यादीशेजारीच लावली आहे. कोणतं काम थांबलं की कुठे जायचं, हे आधीच ठरलेलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

बागेत गाजरगवत उपटलं. फुलं यायच्या आधीच काढायला हवं, कारण एका रोपाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आदल्या संध्याकाळी त्या पट्ट्यात पाणी सोडून ठेवलं होतं, त्यामुळे सोटमूळ अखंड निघत होतं. कोरड्या मातीत ते वरच तुटतं आणि पुन्हा फुटतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यकच. या गवतानं कातडीला खाज सुटते, काहींना दम लागतो. काही रोपांवर पांढरी फुलं दिसली. ती खताच्या खड्ड्यात न टाकता वेगळ्या पोत्यात भरली.

८ आणि ९ फेब्रुवारी

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. हे घर घेतल्यापासून त्या भिंतीवर नुसते रंगाचे थर चढत आलेत. खरवडलं की एकाखाली एक रंग दिसतात.

शनिवारी दुपारी ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. मग साधारण हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवला. काँक्रीटच्या फरशीतली ओल पाहायला हीच चाचणी किमान १६ तास ठेवून करतात. भिंतीवर पूर्ण दिवस ठेवली. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ती हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येते आहे.

रविवारी बागेतून आल्यावर कागद सोडवला. आतल्या बाजूला बारीक थेंबांची जाळी, बाहेरची बाजू कोरडी. म्हणजे पाणी भिंतीतच आहे.

ओलीचा आकारही बोलका आहे. खिडकीखाली ती रुंद आहे आणि खाली येता येता अरुंद होते. शिवाय जमिनीलगत एक आडवा पट्टा आहे, तो खिडकीच्या दोन्ही बाजूंनाही पसरलाय. एकाच वाटेनं येणारं पाणी असे दोन आकार काढत नाही. दोन वाटा शोधायच्या आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरकाम बंद. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन संस्था यांनी १९९८ साली हे सुरू केलं आणि २०१३ पासून ते सगळ्या जगासाठी खुलं झालं. नियम सोपे आहेत: एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसले आणि ऐकू आले ते पक्षी ओळखून मोजायचे, तोच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही हे पाहायचं.

आपल्या बागेत फाटकाजवळच्या कापलेल्या हिरवळीवर फारसं काही उतरलं नाही. मागच्या कोपऱ्यात पाचोळा तसाच राहू दिलाय, तिथे मात्र सतत हालचाल होती. साळुंक्या पानं उलटून किडे शोधत होत्या. कोपरा ‘स्वच्छ’ करावा असा आग्रह काही फिरायला येणाऱ्यांचा आहे. आजचे आकडे त्यांना दाखवणार आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ओला गिलावा उतरवला. रंगाचे जुने थर असल्यानं कोरडं घासणं टाळलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फवाऱ्यानं भिंत ओलसर करत, तोंडाला चांगला मास्क लावून, खोलीचं दार बंद ठेवून पापुद्रे काढले. मग छिन्नी-हातोडा. ओलीच्या रेघेच्या पुढे हातभर अंतरापर्यंत गिलावा काढला, कारण क्षार दिसतात त्याच्या पलीकडेही पोचलेले असतात.

लोणा कोरड्या ब्रशनं झटकून काढायचा, धुवायचा नाही. पाणी लावलं की क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात.

आता वीट उघडी ठेवून वाळू द्यायची. जाड भिंतीला इंचामागे साधारण महिना लागतो, असा जुना ठोकताळा आहे. आपली भिंत नऊ इंची, त्यामुळे पूर्ण कोरडी होण्याची वाट पाहिली तर नऊएक महिने जातील. पण पाणी येण्याची वाट बंद झाली की पृष्ठभाग त्याआधी कामाला येतो. निदान एप्रिलपर्यंत इथे करण्यासारखं काही नाही. खिडकी उघडी ठेवायची, पंखा लावायचा आणि बाहेर पडायचं.

१ मार्च, शनिवार

पहिली ठरवलेली फेरी: जुन्या कचेरीची दगडी इमारत. बसनं अर्धा तास. रोज तिच्यावरून जाणारे हजारो असतील, आवारात आज आम्ही दोघंच होतो.

कमानी, जिना, घड्याळ पाहून झालं. मग मी खिडक्यांपाशी गेले, कारण सध्या खिडकीखालच्या भिंती सोडून मला काही दिसत नाही. तळमजल्याच्या खिडकीखालची दगडी पट्टी माझ्या खांद्याच्या उंचीला येते. तिचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला किंचित उतरता आहे. पट्टी भिंतीच्या पुढे चांगली तीन-चार बोटं आली आहे. खालून हात फिरवला तर बोट एका खाचेत गेलं. कडेपासून इंचभर आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग कोरलेली, करंगळी बसेल एवढी खाच. पुढच्या खिडकीला पाहिलं, तिथेही. मागच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेही तेवढीच नेटकी.

तिचं काम असं. पाणी पट्टीच्या कडेवरून खाली आलं की सरळ पडत नाही. ते दगडाला चिकटून खालच्या अंगानं मागे सरकतं आणि भिंत गाठतं. मध्ये खाच आली की पाण्याला तिच्या कडेवरून वर चढता येत नाही. ते तिथेच जमतं, थेंब जड होतो आणि भिंतीपासून दूर खाली पडतो. त्या पट्टीखालची भिंत इतक्या पावसांनंतरही स्वच्छ आहे. जिथे पट्टीचा एक तुकडा फुटलाय, तेवढ्याच जागी खाली काळा ओघळ उतरलाय.

दादानं फोटो काढले. मी वहीत मापं लिहून घेतली.

३ मार्च, सोमवार

संध्याकाळी घरच्या खिडकीवर पाण्याचा तांब्या सावकाश ओतला. पट्टी जवळजवळ सपाट, एका कोपऱ्यात तर आतल्या बाजूला झुकलेली. बाहेर जेमतेम बोटभर आलेली, खालचं अंग गुळगुळीत, खाच नाही. पाणी कडेवरून वळलं, खालून मागे गेलं आणि भिंतीच्या दरजेत शिरलं. दादा खाली टॉर्च धरून बसला होता. तो म्हणाला, “ताई, एक थेंबसुद्धा जमिनीवर पडला नाही बघ.”

पहिली वाट सापडली.

९ मार्च, रविवार

बागेत आच्छादनाचं काम. गेल्या वर्षी लावलेल्या झाडांभोवती पालापाचोळा पसरायचा होता. थर दोन ते चार इंच जाड, पण बुंध्याला टेकवायचा नाही, चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवायची. बागेची देखभाल पाहणाऱ्या काकांनी प्रत्येक झाडापाशी थांबून हे दाखवलं. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंद होतं आणि मुळं फुटायला लागतात, तो भाग उघडा दिसला पाहिजे. तिथे माती किंवा पाचोळा चढवला तर साल कायम ओली राहते, कुजते, बुरशी लागते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षं खंगत राहतं.

काही झाडांना मातीचे उंच ढीग घातलेले होते. दिसायला ते छान राखलेलं वाटतं. आम्ही हातानं माती मागे ओढत गेलो. एका झाडाशी चांगली सहा इंच माती काढल्यावर मूळ दिसलं.

घरी आल्यावर तडक मागच्या बाजूला गेले. खिडकीखाली भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा आहे. आधीच्या मालकांनी केलेला असावा, आम्ही आलो तेव्हाही तो होता. माती जोत्याच्या वर चढलेली, भिंतीला थेट लागलेली. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर घालतात तो जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढू नये म्हणून. बाहेरची माती त्या थराच्या निदान सहा इंच खाली असायला हवी. माती त्याच्या वर गेली की पाणी थराला वळसा घालून बाजूनंच भिंतीत जातं. जमिनीलगतचा आडवा पट्टा नेमका वाफ्याच्या लांबीएवढाच आहे. मी टेपनं मोजलं.

दुसरी वाट.

१५ मार्च, शनिवार

वाफा काढला. झाडं मातीच्या गोळ्यासकट उचलून कुंड्यांत लावली. आईनं ती दोन-तीन दिवस सावलीत ठेवायला सांगितली. माती जोत्याच्या खाली नेली आणि भिंतीपासून दूर उतार दिला. कडेनं खडी पसरली, म्हणजे पावसाचे थेंब आपटून मातीचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. उरलेली माती बागेतल्या खड्ड्यांसाठी चालेल का, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, “आधी आणून दाखवा, त्यात गाजरगवताच्या बिया नकोत.” बरोबरच आहे.

१६ मार्च, रविवार

बाग. माती पास झाली.

२२ मार्च, शनिवार

खिडकीच्या पट्टीचं काम. दगड कापायचं यंत्र आम्ही हातात घेतलं नाही. मिस्त्रींना बोलावलं. जुनी पट्टी काढून रुंद पट्टी बसवली, बाहेर दोन इंच आणि बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार. खाली खाच कापायला सांगितली तेव्हा त्यांनी कचेरीच्या इमारतीचा फोटो मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हे पूर्वी सगळे करायचे.” खाच अर्धा इंच रुंद, कडेपासून इंचभर आत. दोन्ही टोकांना ती भिंतीच्या अलीकडेच थांबवली, नाहीतर खाचेतूनच पाणी भिंतीपर्यंत पोचलं असतं.

पट्टीखाली आणि बाजूंनी सिमेंटचा माल भरलाय. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवायला हवं, राख मिसळलेलं असेल तर १० दिवस. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाणी उडून गेलं की ती क्रिया अर्धवट थांबते. ओल्या गोणपाटाचे तुकडे माल भरलेल्या कडांवर टाकले आहेत. दिवसातून तीनदा भिजवायचे.

तक्त्यात इथे एक नवा रकाना घातला. थांबणं दोन जातींचं आहे. भिंत वाळते तेव्हा तिला आपली गरज नसते, आपण लांब जाऊ शकतो. सिमेंट मुरतं तेव्हा ते आपल्याला घराशी बांधून ठेवतं: सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. पहिल्या जातीच्या थांबण्यात दिवसभराच्या फेऱ्या, दुसऱ्या जातीत चालत जाऊन येण्याजोग्या जागा. दोन्हींना नुसतं ‘काम बंद’ म्हटलं तर एक तर गिलाव्याला तडे जातात, नाहीतर फेरी अर्ध्यात टाकून परतावं लागतं.

२९ मार्च, शनिवार

पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये चालत जुनी विहीर पाहून आलो. इतकी जवळ असून आत कधी डोकावलो नव्हतो. बांधकामात ठरावीक अंतरावर भोकं सोडली आहेत. आधी वाटलं चिरे निखळलेत, पण ती रांगेत आहेत आणि कडा घडवलेल्या आहेत. भिंतीमागच्या मातीत साठणाऱ्या पाण्याला वाट दिली नाही तर तेच पाणी भिंत आत ढकलतं. आजच्या मातीरोधक भिंतींनाही अशीच भोकं ठेवतात. विहिरीत त्यांतूनच झरे आत येतात. एका भोकातून पिंपळाचं रोप आलंय. ते पुढच्या महिन्यात बागेच्या गटाला दाखवायचं. मूळ जाड झालं की चिरे सुटतील.

दुपारचं पाणी आईनं मारलं.

६ एप्रिल, रविवार

ऊन वाढलंय, बागेत पाण्याची पाळी. नवीन माणसं पाइप थेट बुंध्यावर धरतात. मोठ्या झाडाची पाणी घेणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात, बहुतेक वरच्या दोन फुटांतच. घेराच्या कडेनं उथळ चर काढून त्यात सावकाश पाणी सोडायचं. रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर दिलेलं बरं, कारण रोजच्या शिडकाव्यानं मुळं वरच राहतात. लहान रोपांचं गणित वेगळं, त्यांना लवकर लवकर पाणी लागतं.

१२ एप्रिल, शनिवार

न्हाणीघरातल्या दरजा. सैल झालेला जुना माल खरवडला, धूळ काढली, दरजा ओलसर करून नवा माल रबरी पट्टीनं तिरपा दाबून भरला. सरळ ओढला तर पट्टी दरजेत उतरते आणि माल बाहेर खेचला जातो. सकाळी लवकर आटोपलं. दिवसभर न्हाणीघर वापरायचं नाही, त्यामुळे सगळ्यांच्या अंघोळी आधीच उरकल्या आणि आम्ही घर बंद करून तलावापर्यंत जाऊन आलो. आईसुद्धा आली. हे काम आठवड्याच्या मध्यात काढलं असतं तर घरात नुसती ओढाताण झाली असती.

१८ एप्रिल, शुक्रवार

जागतिक वारसा दिन. १९८२ साली स्मारकं आणि स्थळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं हा दिवस सुचवला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोनं त्याला मान्यता दिली. अशा दिवशी एरवी बंद असलेल्या जागा उघडतात, माहीतगार माणसं सोबत असतात. रजा टाकली आणि तटबंदी पाहायच्या सकाळच्या फेरीत सामील झाले.

आज चुन्याबद्दल जे ऐकलं आणि पाहिलं त्यानं आमच्या भिंतीचा निर्णय बदलला. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून मुरवायचा आणि वाळूत मिसळून वापरायचा. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषतो आणि पुन्हा चुनखडी होतो. या मालातून वाफ बाहेर पडू शकते. तो दगडापेक्षा मऊही असतो, त्यामुळे झीज होते ती दरजेची, आणि दरज पुन्हा भरता येते.

तटाच्या एका भागात चुन्याच्या दरजा सिमेंटनं भरल्या आहेत. मार्गदर्शक बाईंनी आम्हाला तिथे मुद्दाम उभं केलं. सिमेंटची रेघ तशीच उभी, कडक, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दगड पोखरून आत गेलेले. पाण्याला दरजेतून बाहेर पडता आलं नाही, ते दगडातून निघालं आणि क्षारांनी दगडाचे पापुद्रे सुटले. मी हात लावला तर बोटांना पीठ लागलं.

आमच्या विटेच्या भिंतीत अजून ओल आणि क्षार आहेत. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला तर पाणी आतच कोंडेल आणि कडेनं दुसरीकडे डोकं काढेल.

१९ एप्रिल, शनिवार

मिस्त्रींशी बोलले. ते म्हणाले, “ताई, सिमेंट मारून टाकू, दोन दिवसांत मोकळे.” चुन्याला वेळ लागेल, पातळ थर द्यावे लागतील, प्रत्येक थरामागे थांबावं लागेल, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण थांबायची आमची तयारी आहे, तक्ताच तसा केलाय. मुरवलेला चुना मिळवून देतो म्हणाले. भिंत तपासली: फेब्रुवारीत ओली असलेली वीट आता वरच्या अर्ध्या भागात हाताला कोरडी लागते.

२६ आणि २७ एप्रिल

चुन्याचा पहिला थर. एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ चाळलेली वाळू. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, आधी भरपूर पाण्यानं धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं.

वीट ओलसर करून थर अर्ध्या इंचाहून कमी ठेवला. किंचित आळल्यावर त्यावर आडवेतिडवे ओरखडे काढले, म्हणजे पुढचा थर धरतो. खिडकीवर ओलं कापड टांगलं, कारण ऊन आणि गरम वाऱ्यानं चुना झटकन वाळला तर भुगा होतो. दिवसातून दोनदा नुसता तुषार.

रविवारी बागेत जाऊन आल्यावर पाहिलं, केसासारखे एक-दोन तडे होते. गिलाव्याच्या लाकडी रंध्यानं दाबून फिरवल्यावर मिटले.

४ मे, रविवार

आज बागेत लोखंडी पिंजरे काढले. रोपं लावताना घातलेले, झाडं वाढली तरी तसेच. एका झाडाच्या बुंध्यात दोन आडव्या पट्ट्या रुतल्या होत्या. साल दोन्ही बाजूंनी ओठासारखी फुगून लोखंडावर चढली होती. खोड सालीखालच्या पातळ थरातून जाडीला वाढतं आणि पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. पट्टीनं पूर्ण वेढा घातला की मुळं उपाशी राहतात. रुतलेलं लोखंड उपसून काढायचं नाही, त्यानं साल फाटते. दोन्ही बाजूंनी कापून बाहेरचा भाग काढला, आतला तुकडा झाडातच ठेवला. दुपार झाली तरी कोणी घरी जायला निघेना.

या पिंजऱ्यांच्या नोंदवहीत आता ‘काढायची तारीख’ असा रकाना घालावा, असं मी सुचवलं. मान्य झालं.

१० मे, शनिवार

चुन्याचा दुसरा थर.

१८ मे, रविवार

आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळला जातो. नेमका बागेच्या दिवशी आला. गटाला आधीच कळवलं, काल संध्याकाळची पाण्याची पाळी मी घेतली आणि आज सकाळी माझ्या जागी दुसऱ्या ताई गेल्या. रविवार हलवायचा असेल तर बदली माणूस ठरल्यावरच, हे आता पक्कं.

संग्रहालयात दोनच दालनं पाहिली, तीही निवांत. जुन्या बांधकामाच्या अवजारांसमोर बराच वेळ गेला: ओळंबा, गुण्या, करणी. यातलं प्रत्येक आज मिस्त्रींच्या पिशवीत आहे. बाकीची दालनं पुढच्या थांबण्यासाठी राखून ठेवली. एका दिवसात सगळं पाहण्याचा हट्ट केला की शेवटच्या दालनात पाय दुखतात आणि पाट्या वाचल्याच जात नाहीत.

२४ ते २९ मे

चुन्याचा हात. अगदी पातळ कालवलेला, ओलसर भिंतीवर, दिवसाआड एक असे तीन हात. लावताना काहीच दिसत नाही, भिंत पाण्यानं पुसल्यासारखी वाटते. वाळला की पांढरा होतो. जाड लावला तर पोपडे निघतात, म्हणून घाई नाही. हात द्यायच्या दिवशी तासाभराचं काम.

दादानं राहिलेली फळी याच दिवसांत बसवून टाकली.

८ जून, रविवार

रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी बागेत जायच्या आधी मागच्या बाजूला गेले. पट्टीच्या रेषेत खाली खडीवर थेंबांनी एक सरळ पट्टा धुऊन काढलाय, भिंतीपासून दीड इंच दूर. खाचेच्या पलीकडचं पट्टीचं अंग कोरडं. आतून भिंतीला हात लावला, मग प्लॅस्टिकचा कागद पुन्हा चिकटवून ठेवला.

बागेत चर तुंबले होते ते मोकळे केले. पुढच्या आठवड्याच्या लागवडीसाठी खड्डे तयार आहेत: खोली मातीच्या गोळ्याएवढीच, रुंदी दुप्पट-तिप्पट.

९ जून, सोमवार

कागदाच्या आत, वरच्या भागात पाणी नाही. जमिनीलगत अगदी फिकट धुकं. तो पट्टा अजून वाळतोय, त्याला या पावसाळ्यातही वेळ द्यावा लागेल. तिथे कपाट लावायचा दादाचा बेत दिवाळीनंतर ढकलला. भिंतीपुढे हवा खेळती हवी.

१४ जून, शनिवार

मागचं दार पावसानं फुगलंय आणि आणखी घट्ट बसतंय. आईला वाटतं आत्ताच रंधा मारून घ्यावा. फुगलेल्या लाकडावर रंधा मारला तर कोरड्या दिवसांत फट पडेल. कुठे घासतं तिथे खडूनं खुणा करून ठेवल्या आणि काम तक्त्यात नोव्हेंबरमध्ये टाकलं. तोवर बिजागरीचे सैल स्क्रू आवळले, त्यानं थोडा फरक पडला.

जुलैसाठी घरकामात फक्त गच्चीच्या पन्हाळ्या साफ करणं ठेवलंय. रंगाचं, गिलाव्याचं काहीही नाही, दमट हवेत ते वाळणारच नाही. त्यामुळे बागेत लागवडीला मी शनिवारीही येईन, असं काकांना कळवलंय. जागांच्या यादीत पावसात पाहण्यासारखी पुढची जागा म्हणजे जुना बंधारा. त्याच्या सांडव्यावरून पाणी जायला लागलं की निघायचं. मिस्त्रींना तिथे यायचंय, खिडक्यांचे फोटो पाहिल्यापासून ते विचारतायत.